घरात पाच माणसं, लॉगिन मात्र दहा: डिजिटल पेपरच्या वर्गणीची डिव्हाइस मर्यादा कशी सांभाळायची

"तुमच्या खात्याची डिव्हाइस मर्यादा पूर्ण झाली आहे" असा संदेश दिसला की घरात पहिला प्रश्न निघतो, पासवर्ड कोणी कोणाला दिला? पुष्कळदा पासवर्ड घराबाहेर गेलेलाच नसतो. एकाच माणसाची तीन-तीन लॉगिन साठलेली असतात आणि मर्यादा त्यांनीच भरलेली असते. वृत्तपत्राच्या सर्व्हरला माणसं मोजता येत नाहीत. लॉगिन केल्यावर ब्राउझरमध्ये किंवा ॲपमध्ये एक खूण ठेवली जाते, सर्व्हर ती मोजतो. ही एक गोष्ट नीट कळली की निम्म्याहून अधिक अडचणी घरीच सुटतात, आणि वर्गणी कोणाबरोबर वाटून घ्यायची, कोणाबरोबर नाही, हेही स्वच्छ दिसू लागतं.

आधी तुमच्या वर्गणीला कोणती मर्यादा आहे ते पाहा

"डिव्हाइस मर्यादा" या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात.

पहिली, नोंदवलेल्या डिव्हाइसची मर्यादा. खात्यावर एकूण किती जागा आहेत हे ठरलेलं असतं. फोन बंद असला, कपाटात पडलेला असला तरी त्याची जागा अडलेलीच राहते.

दुसरी, एकाच वेळी चालणाऱ्या सेशनची, म्हणजे लॉगिन करून चालू असलेल्या वापराची मर्यादा. इथे लॉगिन कितीही ठिकाणी करा, पण एका क्षणी ठरावीक जणांनाच वाचता येतं. याचेही दोन प्रकार आहेत. काही सेवा नवा माणूस आला की सर्वांत जुन्याला बाहेर काढतात. काही नव्यालाच दारात थांबवतात आणि आधी कोणाला तरी काढा म्हणतात. तुमच्याकडे कोणता प्रकार आहे हे पाच मिनिटांत कळतं. एका फोनवर बातमी उघडी ठेवा आणि दुसऱ्या, तिसऱ्या ठिकाणी लॉगिन करत जा. पहिल्या फोनवर अचानक लॉगिनचं पान आलं, तर जुन्याला काढणारा प्रकार आहे. नव्या ठिकाणी अडवणूक झाली, तर दुसरा. हे माहीत असणं महत्त्वाचं आहे. पहिल्या प्रकारात आजोबांचा टॅब रोज सकाळी आपोआप लॉगआउट होतो, आणि सगळे दोष टॅबला देत बसतात.

तिसरी मर्यादा तांत्रिक नसते, ती अटींमध्ये लिहिलेली असते: वर्गणी एका व्यक्तीसाठी आहे की घरासाठी. अटींच्या पानावर "वैयक्तिक वापर", "हस्तांतर करता येणार नाही", "कुटुंब", "एकाच घरात राहणारे" हे शब्द शोधा. पाच डिव्हाइस चालतात म्हणजे पाच माणसं चालतात असं नाही. पुष्कळ वैयक्तिक योजनांमध्ये त्या पाच जागा एकाच माणसाच्या फोन, टॅब, लॅपटॉप आणि ऑफिसच्या संगणकासाठी दिलेल्या असतात. पैसे भरण्याआधी वाचायला हव्यात अशा या दोन-तीनच ओळी आहेत आणि नेमक्या त्याच वाचल्या जात नाहीत.

सर्व्हर नेमकं काय मोजतो

लॉगिन यशस्वी झालं की संकेतस्थळ ब्राउझरमध्ये कुकी नावाची खूण ठेवतं. ॲप स्वतःच्या साठ्यात तशीच खूण ठेवतं, तिला टोकन म्हणतात. पुढच्या वेळी ती खूण दाखवली की ओळख पटते. ती हरवली की तोच फोन सर्व्हरच्या दृष्टीने नवा होतो. त्यामुळे खालच्या प्रत्येक ठिकाणी एक जागा वेगळी खर्च होऊ शकते:

- एकाच लॅपटॉपवर क्रोम आणि एज, असे दोन ब्राउझर.
- क्रोममध्येच दोन प्रोफाइल, एक घरचं, एक कामाचं. दोन्हींच्या कुकी वेगळ्या असतात.
- इनकॉग्निटो खिडकी. ती बंद केली की कुकी जाते, पण यादीतली नोंद मागे उरते.
- त्याच फोनवर ॲपही आणि मोबाइल ब्राउझरही.
- फेसबुक किंवा इन्स्टाग्राममधून बातमीची लिंक उघडणं. ती त्या ॲपच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडते, त्याला क्रोममधलं लॉगिन दिसत नाही, म्हणून ते पुन्हा लॉगिन मागतं आणि आणखी एक जागा जाते.
- फोनमधल्या "ड्युअल ॲप" सोयीने केलेली ॲपची दुसरी प्रत.
- ॲप काढून पुन्हा टाकणं, किंवा फोन फॅक्टरी रिसेट करणं.

या शेवटच्या मुद्द्यावर सर्वाधिक गैरसमज आहे. ॲप काढून टाकलं म्हणजे लॉगआउट झालं असं आपण धरून चालतो. ॲप काढताना फोन सर्व्हरला काहीच कळवत नाही. जुनी नोंद तिची मुदत संपेपर्यंत जागा अडवून बसते. म्हणून जुना फोन विकताना, बदलून घेताना किंवा घरातल्या लहानाला देताना आधी ॲपमध्ये जाऊन लॉगआउट करायचं आणि मग रिसेट. क्रम उलटा झाला तर ती जागा खात्याच्या पानावरूनच मोकळी करावी लागते.

आयफोन आणि आयपॅडवर आणखी एक गोष्ट घडते. सफारी 2020 पासून असा नियम पाळते की, एखाद्या संकेतस्थळाला हात न लावता ब्राउझरच्या वापराचे सात दिवस गेले की त्या संकेतस्थळाच्या स्क्रिप्टने साठवलेली माहिती पुसली जाते. फक्त रविवारची पुरवणी वाचणाऱ्याचा एखादा आठवडा चुकला की पुन्हा लॉगिन करण्याची पाळी येऊ शकते, ती यामुळे. उपाय साधा आहे: सफारीऐवजी वृत्तपत्राचं ॲप वापरा. ॲपच्या साठ्याला हा नियम लागत नाही.

संगणकावर रोज नव्याने लॉगिन करावं लागत असेल तर दोन जागा तपासा. क्रोमच्या सेटिंगमध्ये, प्रायव्हसी आणि सिक्युरिटीखाली, साइट सेटिंगच्या आत, खिडक्या बंद केल्यावर संकेतस्थळांची माहिती पुसायचा पर्याय असतो. फायरफॉक्समध्येही बंद करताना कुकी पुसायची खूण असते. यांपैकी एखादा चालू असेल तर रोज सकाळी एक नवी नोंद तयार होते आणि आठवड्याभरात मर्यादा भरते. संगणक "हलका" करणारी साफसफाईची सॉफ्टवेअरही न विचारता कुकी झाडून नेतात. त्यांच्या यादीत कुकीसमोरची खूण काढा, किंवा वृत्तपत्राचं संकेतस्थळ अपवादात टाका.

एक नमुना घर मोजून पाहू

नाशिकच्या इंदिरानगरमधलं एक घर धरा. आजोबांच्या टॅबवर ई-पेपरचं ॲप, एक लॉगिन. वडिलांच्या फोनवर ॲप, अंबडच्या कारखान्यातल्या संगणकावर क्रोम आणि फेसबुकच्या आतला ब्राउझर, अशी तीन. आईच्या फोनवर ॲप आणि क्रोम, दोन. मुलीच्या लॅपटॉपवर क्रोम आणि एज, दोन. पुण्यात शिकणाऱ्या मुलाचा फोन आणि लॅपटॉप, दोन. माणसं पाच आणि लॉगिन दहा. वर्गणीची मर्यादा पाच असेल तर हे घर कायम भांडत राहणार.

आता छाटणी करू. वडिलांनी फेसबुकवरची लिंक तिथेच न वाचता तीन टिंबांच्या मेनूतून बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडायची, किंवा सरळ ॲपमध्ये ती बातमी शोधायची. आईने ब्राउझरमधून लॉगआउट करून फक्त ॲप ठेवायचं. मुलीने पेपरसाठी एकच ब्राउझर ठरवायचा. मुलाने फोन किंवा लॅपटॉप, एकच काहीतरी. राहिले टॅब, वडिलांचा फोन, ऑफिसचा संगणक, आईचा फोन, मुलीचा लॅपटॉप आणि मुलाचं एक, म्हणजे सहा. एक अजून जास्त आहे. इथे आमचं मत स्पष्ट आहे, ऑफिसचा संगणक सोडा. तिथे इतर हातांची ये-जा असते, नोकरी बदलली की लॉगिन मागे राहतं, आणि वडिलांच्या खिशात तोच पेपर आहेच.

कागदावर अशी यादी करायला दहा मिनिटं लागतात. माणूस, डिव्हाइस, ॲप की ब्राउझर, एवढे तीन रकाने पुरेत. ही यादी पुढच्या पायरीला लागते.

जागा मोकळ्या करण्याचा क्रम

1. ज्याच्या नावावर वर्गणी आहे त्याच्या फोनवरूनच सुरुवात करा. खात्याच्या पानावर "मॅनेज डिव्हाइसेस", "ॲक्टिव्ह सेशन्स" किंवा याच अर्थाचं काही शोधा. ॲपमध्ये सापडलं नाही तर संकेतस्थळावर जाऊन पाहा. ही यादी अनेकदा तिथेच असते.

2. यादीचा स्क्रीनशॉट घ्या. पुढे कंपनीशी पत्रव्यवहार करावा लागला तर हाच पुरावा.

3. प्रत्येक नोंद तुमच्या कागदाशी जुळवा. नावं गोंधळात टाकतात. "क्रोम, विंडोज" अशा चार नोंदी दिसतील, त्यांतली कोणती मुलीची? शेवटच्या वापराची तारीख बघा. महिनाभर हात न लागलेली नोंद बहुतेक मेलेली असते, ती काढा.

4. शहराच्या नावावरून घाबरू नका. नाशिकमध्ये बसून मोबाइल डेटावर वाचलं तरी यादीत मुंबई किंवा पुणे दिसू शकतं, कारण मोबाइल कंपनीचा इंटरनेट पत्ता तिच्या मोठ्या केंद्राच्या नावावर नोंदलेला असतो. एकच फोन सकाळी घरच्या वायफायवर आणि दुपारी डेटावर असेल तर दोन शहरं दिसतील. अनोळखी शहर, अनोळखी प्रकारचा फोन आणि अनोळखी वेळ अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच संशय घ्या.

5. एकेक नोंद काढत जा. "सगळीकडून साइन आउट" हे बटण शेवटचा उपाय म्हणून ठेवा. काही सेवांमध्ये महिन्याला ठरावीक वेळाच डिव्हाइस काढता येतं आणि ही संधी घाईत वाया जाते. पासवर्ड बाहेर गेल्याचा संशय असेल तेव्हा मात्र पासवर्ड बदलून लगेच हेच बटण दाबा.

6. पासवर्ड बदलला म्हणजे जुनी लॉगिन आपोआप बंद झाली असं समजू नका. काही ठिकाणी होतात, काही ठिकाणी जुनं टोकन मुदत संपेपर्यंत चालूच राहतं. पासवर्ड बदला, मग सगळीकडून साइन आउट करा, या क्रमाने. उलट केलंत तर मधल्या मिनिटात जुन्या पासवर्डने कोणीतरी परत आत येऊ शकतं.

7. दहा-पंधरा मिनिटं थांबा. यादी लगेच ताजी होईलच असं नाही.

8. मग महत्त्वाच्या डिव्हाइसवर आधी लॉगिन करा. जो रोज वाचतो तो पहिला. आमच्या नमुना घरात तो मान आजोबांच्या टॅबचा.

एवढं करूनही एखादा फोन सारखा बाहेर पडत असेल तर त्याचं घड्याळ बघा. टोकनला सुरुवात आणि शेवट असतो. फोनची तारीख-वेळ चुकलेली असेल तर चालू टोकनही मुदत संपलेलं ठरू शकतं. वेळ आपोआप घेण्याचं सेटिंग चालू करा. जुन्या टॅबवर हे हमखास निघतं.

पैसे भरले, तरी "वर्गणी घ्या" म्हणतंय

ही तक्रार मर्यादेची वाटते, पण ती बहुधा दोन खात्यांची असते. आपल्याकडची वृत्तपत्रं लॉगिनसाठी मोबाइल क्रमांकावरचा ओटीपी, ईमेल, गूगल, ॲपल असे अनेक दरवाजे ठेवतात. वर्गणी घेताना वडिलांनी मोबाइल क्रमांक टाकला. महिन्याने टॅबवर "गूगलने पुढे जा" दाबलं. सर्व्हरने दुसरं, रिकामं खातं उघडलं. आता टॅबवर लॉगिन आहे, पण वर्गणी नाही. माणूस वैतागून पुन्हा पैसे भरतो आणि एका घरात दोन वर्गण्या होतात.

ओळखायचं कसं? दोन्ही ठिकाणी खात्याचं पान उघडा आणि तिथला ईमेल किंवा क्रमांक अक्षरन् अक्षर ताडून पाहा. आयफोनवर "ॲपलने साइन इन" करताना ईमेल लपवायचा पर्याय निवडला असेल तर खात्यावर तुमच्या पत्त्याऐवजी ॲपलने बनवलेला लांबलचक आडपत्ता दिसतो. तो पत्ता दुसऱ्या फोनवर आठवणीतून टाकणं शक्यच नसतं. अशा खात्यात आधी प्रोफाइलमध्ये जाऊन खरा ईमेल आणि मोबाइल क्रमांक जोडा. जोडता येत नसेल तर ग्राहक सेवेला दोन्ही खाती एकत्र करायला सांगा. हे काम त्यांच्याकडूनच होतं.

घरासाठी नवी वर्गणी घेत असाल तर सुरुवातीलाच एक दार ठरवा आणि सगळ्यांना तेच सांगा. वयस्कर माणसं असतील तर मोबाइल क्रमांकाचं दार टाळावं. त्यात प्रत्येक नव्या डिव्हाइससाठी ओटीपी त्या एका फोनवर येतो. फोन वडिलांबरोबर सातपूरला आणि आजोबा घरी, म्हणजे फोनाफोनी. शिवाय फोनवर ओटीपी सांगायची घरात सवय लागली की तीच सवय फसवणारे वापरतात. ईमेल आणि पासवर्ड हे दार घरासाठी सर्वांत सोयीचं.

विकत कुठून घेतली, यावर वाटणी अवलंबून असते

वर्गणी तीन ठिकाणांहून घेता येते: वृत्तपत्राच्या संकेतस्थळावरून, अँड्रॉइडच्या प्ले स्टोअरमधून आणि ॲपलच्या ॲप स्टोअरमधून. घरात अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही असतील तर संकेतस्थळावरूनच घ्या. तिथे वर्गणी वृत्तपत्राच्या खात्याला चिकटते आणि कुठल्याही फोनवर उघडते.

प्ले स्टोअरमधून घेतलेली वर्गणी त्या गूगल खात्याला बांधलेली असते. गूगलच्या कुटुंब गटात एकूण सहा जण असू शकतात आणि कुटुंबासाठी पैसे भरायची एकच पद्धत ठेवता येते, पण ॲपच्या आत घेतलेली वर्गणी त्यामुळे इतरांना मिळत नाही. "मी कुटुंब गट केला तरी आईला पेपर का दिसत नाही" याचं उत्तर हेच. ॲपलकडेही कुटुंबात सहाच जण. तिथे वर्गणी वाटता येते, पण ॲप बनवणाऱ्याने ती सोय सुरू ठेवली असेल तरच. सेटिंगमध्ये स्वतःच्या नावावर जाऊन, कुटुंबाखाली, वर्गण्यांच्या यादीत ती दिसते का पाहा.

स्टोअरमधून घेतली असेलच, तर ॲपमध्ये वृत्तपत्राचं खातं उघडून ती खरेदी त्याला जोडा. नव्या फोनवर "रिस्टोअर परचेस" दाबायला विसरू नका. आणि त्याच फोनवरच्या स्टोअरमध्ये तेच जुनं गूगल किंवा ॲपल खातं असायला हवं.

नूतनीकरणाबद्दल थोडक्यात. कार्डवरून किंवा यूपीआय ऑटोपेवरून आपोआप पैसे जाणार असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वजावटीच्या किमान 24 तास आधी सूचना यायला हवी. 15,000 रुपयांपर्यंतच्या अशा वजावटीला दरवेळी ओटीपी लागत नाही. म्हणून घरातल्या एकाच माणसाच्या नावावर मॅन्डेट, म्हणजे आपोआप वजावटीची परवानगी, ठेवा आणि त्या सूचना वाचा. ॲप काढल्याने किंवा खातं बंद केल्याने मॅन्डेट रद्द होत नाही. ते यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागातून, बँकेतून किंवा ज्या स्टोअरमधून घेतलं तिथून वेगळं रद्द करावं लागतं.

पुण्यातला मुलगा

शिक्षणासाठी बाहेर राहणारं मूल घरात मोजायचं का, हे त्या-त्या अटी ठरवतात. तांत्रिकदृष्ट्या ते बहुतेक वेळा चालून जातं. पण नाशिक आणि पुणे अशा दोन ठिकाणांहून एकाच मिनिटाला वाचन सुरू झालं, त्यातच कोणी व्हीपीएन (आपलं इंटरनेट दुसऱ्याच ठिकाणाहून चालल्यासारखं दाखवणारी सोय) लावलेलं असलं, की खातं तात्पुरतं थांबवलं जाऊ शकतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन नकळत चालू राहतं आणि नाशिकचा वाचक सिंगापूरहून वाचतोय असं दिसतं. पेपर वाचताना ते बंद ठेवा. मूल विद्यार्थी असेल तर विद्यार्थी सवलतीची स्वतंत्र वर्गणी आहे का, हे आधी पाहा. ती मिळाली तर घराची एक जागाही सुटते आणि भांडणही.

अभ्यासिकेतले चार मित्र

नाशिकमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं अभ्यासिकांमध्ये बसतात, खोल्या वाटून राहतात आणि साहजिकच इंग्रजी दैनिकाची वर्गणीही वाटून घ्यायला बघतात. हिशेब मोहात पाडणारा असतो. पण ही मुलं एक कुटुंब नाहीत. वैयक्तिक वर्गणीच्या अटींत ते बसत नाही. शिवाय त्यात एक व्यावहारिक खोट आहे: चौघंही सकाळी सात ते नऊ याच वेळात वाचतात. एकाच वेळी दोन सेशन चालत असतील तर दोघं रोज बाहेर. वर्गणी ज्याच्या नावावर, त्याने शहर सोडलं की बाकीच्यांच्या साठवलेल्या बातम्याही गेल्या, कारण बुकमार्क खात्यात असतात.

आमचा सल्ला असा. चौघांत छापील अंक एक घ्या. तो हातोहात फिरवायला कुठलीही मर्यादा नाही, कात्रणं काढता येतात आणि सकाळी चारजण चार पानं वाचू शकतात. डिजिटल वर्गणी ज्याला शोध आणि जुने अंक खरोखर लागतात त्याने स्वतःची घ्यावी. काही परदेशी दैनिकं वर्गणीदाराला बातम्या भेट देऊ देतात. न्यूयॉर्क टाइम्सचा वर्गणीदार महिन्याला दहा लेख अशी लिंक करून पाठवू शकतो आणि ती लिंक मिळालेल्याला वर्गणीशिवाय वाचता येते. तुमच्या दैनिकात बातमीखालच्या शेअर बटणात "गिफ्ट" असं काही आहे का, ते नक्की पाहा. आणि छापील अंक बसून वाचायचे असतील तर शहरात वाचनालयं आहेतच. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 पासून चालू आहे.

ऑफिस आणि गाळा

लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याच्या कचेरीत किंवा सातपूरच्या कारखान्यात अर्थविषयक दैनिकाची एक वैयक्तिक वर्गणी घेऊन सहा संगणकांवर चालवली जाते. ही वाटणी सर्वांत लवकर पकडली जाते. कामाच्या वेळेत सलग, एकाच वेळी, अनेक सेशन दिसतात. संस्थांसाठी गट वर्गणी असते. तिच्यात प्रत्येकाला वेगळं लॉगिन मिळतं, आणि माणूस नोकरी सोडून गेला की त्याची जागा दुसऱ्याला देता येते. काही प्रकाशक इंटरनेटच्या ठरावीक पत्त्यावरून प्रवेश देतात. त्यासाठी कचेरीला स्थिर आयपी पत्ता लागतो आणि तिथलं वायफाय सोडलं की प्रवेश बंद होतो.

दोनच माणसं वाचत असतील तर दोन वैयक्तिक वर्गण्या स्वस्त पडतात का, ते आधी ताडून बघा. कोणतीही घ्या, पण खातं कचेरीच्या ईमेलवर उघडा. हिशेबनीसाच्या खाजगी पत्त्यावर उघडलेली वर्गणी त्याच्याबरोबर जाते.

पीडीएफ फिरवणं वेगळं आणि गंभीर

घरात लॉगिन वाटणं हा अटींचा प्रश्न आहे. ई-पेपरची पीडीएफ उतरवून सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणं हा कॉपीराइटचा प्रश्न आहे. मे 2020 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जागरण प्रकाशनच्या दाव्यात टेलिग्रामला ई-पेपर फुकट वाटणारी चॅनेल काढायला आणि ती चालवणाऱ्यांची माहिती द्यायला सांगितलं होतं. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 63 मध्ये जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड सांगितला आहे. ई-पेपरच्या पानावर वर्गणीदाराची खूण उमटवणं प्रकाशकांना अवघड नाही, त्यामुळे फाइल कुठून निघाली हे शोधता येतं. गटावर बातमीची लिंक आणि स्वतःच्या शब्दांत दोन ओळी टाका. सगळ्यांना विषय कळतो आणि ज्याला हवं तो वाचतो.

दोनशे घरांच्या सोसायटीत रोज फिरणारी फुकट पीडीएफ शहरातल्या बातमीदाराच्या पगारातून जाते. नाशिकच्या पाणीकपातीची, बाजारभावाची, महापालिकेच्या सभेची बातमी आणायला कोणीतरी जागेवर जावंच लागतं.

पासवर्ड घरात द्यायचा कसा

व्हॉट्सॲपवर लिहून पाठवू नका. तो पुढे जातो आणि बॅकअपमध्येही राहतो. सगळ्यांकडे आयफोन असतील तर आयओएस 17 पासून पासवर्डचा सामायिक गट करता येतो. अँड्रॉइडवाल्यांना 2024 पासून गूगलच्या पासवर्ड मॅनेजरमधून कुटुंब गटातल्या माणसाला पासवर्ड पाठवता येतो. मिश्र घरात साधा उपाय: समोर बसून टाका. पेपरचा पासवर्ड बँकेचा किंवा मुख्य ईमेलचा नसावा, कारण तो पाच जणांना माहीत असणार आहे. गूगलने लॉगिन करायचं आणि त्यासाठी घरच्यांना आपलं गूगल खातंच देऊन टाकायचं, हे अजिबात करू नका. पेपरासाठी दिलेल्या त्या खात्यात तुमचे फोटो, ईमेल, सगळंच असतं. "वर्गणीची पडताळणी" म्हणून कोणी फोनवर ओटीपी मागितला तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कळवा.

ग्राहक सेवेला लिहिताना

"लॉगिन होत नाही" एवढंच लिहिलं की चार उलट प्रश्न येतात आणि चार दिवस जातात. पहिल्याच ईमेलमध्ये हे द्या: नोंदणीचा ईमेल किंवा मोबाइल क्रमांक, कोणत्या दारातून लॉगिन करता, वर्गणी कुठून घेतली, पैसे भरल्याची तारीख आणि ऑर्डर क्रमांक, यूपीआयने भरले असतील तर 12 आकडी व्यवहार क्रमांक, फोनचं मॉडेल, अँड्रॉइड किंवा आयओएसची आवृत्ती, ॲपची आवृत्ती, पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा, तो आल्याची वेळ आणि डिव्हाइस यादीचा स्क्रीनशॉट. शेवटी नेमकी मागणी लिहा: "जुनी चार सेशन बंद करा" किंवा "ही दोन खाती एकत्र करा". पासवर्ड, ओटीपी आणि कार्डाचा पूर्ण क्रमांक कधीही लिहू नका.

ऑनलाइन विकलेल्या डिजिटल उत्पादनांनाही ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 लागू होतात. तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची, असं त्यांत आहे. संकेतस्थळाच्या तळाशी तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल शोधा, ग्राहक सेवेशी झालेला पत्रव्यवहार जोडून तिथे लिहा. महिना उलटूनही उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्या वेळी पहिल्या ईमेलची तारीख आणि डिव्हाइस यादीचा तो स्क्रीनशॉट हाताशी ठेवा.